योगशिक्षक : व्यवसायाची वाट आणि तिच्या मर्यादा

योगाभ्यासाला गेल्या दहा-अकरा वर्षांत जी व्यापक लोकमान्यता लाभली, ती यापूर्वी क्वचितच लाभली असेल. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव संमत करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला. या ठरावाला १७७ राष्ट्रांनी सहपुरस्कर्ते म्हणून पाठिंबा दिला होता. २०१५ पासून हा दिवस शाळांच्या पटांगणांपासून परदेशांतील उद्यानांपर्यंत साजरा होत आहे. पुढे २०१६ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत योगाचा समावेश केला.

एका दिवसाच्या कार्यक्रमास हजारो लोक जमतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत त्यांना शिकविणार कोण, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. या प्रश्नाचे उत्तर म्हणजे योगशिक्षक. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत योगवर्गांची मागणी वाढत आहे आणि अनेक तरुण-तरुणी, तसेच निवृत्त मंडळी व गृहिणी या क्षेत्राकडे वळू लागल्या आहेत. कंपन्यांतून व आरोग्यकेंद्रांतून 'वेलनेस कोच', म्हणजे आरोग्य-मार्गदर्शक, हे नवे पदही रूढ होत आहे. या व्यवसायात प्रवेश कसा करावा, त्यासाठी कोणते शिक्षण घ्यावे, त्यातून उदरनिर्वाह होतो काय आणि योगशिक्षकाने कोणती मर्यादा ओलांडू नये, याचा विचार येथे केला आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

योगविद्या महाराष्ट्राला नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे विस्तृत विवेचन आढळते. तथापि ही विद्या शतकानुशतके गुरूकडून निवडक शिष्यांकडे जात राहिली. सर्वसामान्य संसारी माणसाने ठराविक वेळी वर्गात यावे, शिक्षकाकडून क्रमाने शिकावे आणि घरी जावे, ही पद्धत विसाव्या शतकातील आहे. ती घडविण्यात मुंबई, लोणावळा आणि पुणे या तीन ठिकाणांचा वाटा मोठा आहे.

श्रीयोगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईतील वर्सोवा येथे 'द योग इन्स्टिट्यूट' ही संस्था स्थापन केली. पुढे ती सांताक्रूझ येथे स्थिरावली. गृहस्थाश्रमी माणसालाही योग साधता येतो, ही या संस्थेची भूमिका होती. त्यांचे गुरू परमहंस माधवदासजी यांचेच दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. अंमळनेर येथे अध्यापनाचे कार्य केल्यानंतर त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे क्ष-किरण यंत्र व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासून पाहण्याचा उपक्रम त्यांनी हाती घेतला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणाच्या दाबापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे निरीक्षण याच प्रयोगांतून पुढे आले. १९५० च्या सुमारास कैवल्यधामात योगाचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू झाले आणि योगशिक्षक प्रशिक्षणातून घडविता येतो, या कल्पनेला मूर्त रूप मिळाले.

विदर्भात जनार्दनस्वामींनी नागपूरला योगाभ्यासी मंडळाच्या द्वारे निःशुल्क योगवर्गांची परंपरा रुजविली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षणाचे कार्य करीत आहे. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळाने आणि नाशिकला योग विद्या धामाने स्वयंसेवी शिक्षकांचे जाळे उभे केले. अशा रीतीने महाराष्ट्रात दोन प्रवाह समांतर वाहत आले. पहिला प्रवाह सेवाभावाने, मोबदला न घेता शिकविणाऱ्यांचा, तर दुसरा अध्यापनालाच जीवनकार्य व उपजीविका मानणाऱ्यांचा. नव्याने येणाऱ्या शिक्षकाला या दोहोंशी परिचय असणे आवश्यक आहे. त्याच्या व्यवसायातील पुष्कळशा अडचणींचा उगम या दोन प्रवाहांच्या संगमातच आहे.

अडतीस वर्षांचा एक प्रवास

योगशिक्षकाच्या व्यवसायाचे स्वरूप समजून घेण्यासाठी बी. के. एस. अय्यंगार यांच्या जीवनक्रमासारखे दुसरे उदाहरण नाही. कर्नाटकातील बेल्लूर येथे १९१८ मध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणी वारंवार आजारी असे. म्हैसूर येथे गुरू टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे त्यांनी आसनांचे शिक्षण घेतले. १९३७ मध्ये गुरूंनी त्यांना पुण्यास डेक्कन जिमखान्यात शिकविण्यासाठी पाठविले. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. नेमणूक तात्पुरती होती आणि मराठी त्यांना येत नव्हते. शिकणाऱ्यांत त्यांच्याहून वयाने मोठे व शरीराने बळकट असे अनेकजण होते.

नेमणुकीची मुदत संपल्यानंतर त्यांना दीर्घकाळ ओढगस्तीत दिवस काढावे लागले. आपले ज्ञान अपुरे आहे, ही जाणीव त्यांना शिकविता शिकविता झाली आणि ते दररोज कित्येक तास स्वतःचा अभ्यास करू लागले. १९५२ मध्ये विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांची व त्यांची भेट झाली आणि १९५४ मध्ये ते प्रथम युरोपात गेले. 'लाइट ऑन योग' हा त्यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. १९७० च्या सुमारास लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने प्रौढशिक्षणाच्या वर्गांत त्यांच्या पद्धतीचे शिक्षण देण्यास मान्यता दिली. त्यामुळे शिक्षकांची रीतसर पारख करून त्यांना प्रमाणपत्र देण्याची गरज निर्माण झाली. पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेची वास्तू १९७५ मध्ये सुरू झाली. २०१४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

पुण्यातील पहिल्या वर्गापासून स्वतःच्या संस्थेपर्यंत अडतीस वर्षे लागली. या कालावधीचा मोठा भाग प्रसिद्धीविना व संपत्तीविना गेला. चार महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतर मोठ्या मिळकतीची अपेक्षा बाळगणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. तद्वतच, शिकवीत असतानाच शिक्षकाचे खरे शिक्षण घडते, हा धडाही या चरित्रातून मिळतो.

शिक्षणाच्या पायऱ्या

योगशिक्षणाचे आजचे मार्ग साधारणतः तीन प्रकारचे आहेत. पहिला मार्ग संस्थांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचा. कैवल्यधाम, द योग इन्स्टिट्यूट, योग विद्या धाम यांसारख्या संस्था अल्पमुदतीचे व दीर्घमुदतीचे वर्ग चालवितात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक पदविका अभ्यासक्रम सोयीचा ठरतो.

दुसरा मार्ग विद्यापीठीय पदव्यांचा. रामटेक येथील कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठासह अनेक विद्यापीठांत योगशास्त्रातील पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. २०१७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, म्हणजे 'नेट'मध्ये, योग हा स्वतंत्र विषय आहे. महाविद्यालयात अध्यापन अथवा संशोधन करू इच्छिणाऱ्यांना हाच मार्ग घ्यावा लागतो. निसर्गोपचार व योगविज्ञान यांतील पदवी, जी 'बी. एन. वाय. एस.' या नावाने ओळखली जाते, ती मात्र निराळी आहे. हा आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यात शरीररचना, शरीरक्रिया व रोगनिदान यांचे सविस्तर शिक्षण दिले जाते. योगशिक्षकाचे प्रमाणपत्र आणि ही पदवी यांची गल्लत होता कामा नये.

तिसरा मार्ग प्रमाणनाचा. केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत २०१८ मध्ये योग प्रमाणन मंडळ स्थापन झाले. त्यापूर्वी २०१५ पासून भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत अशीच ऐच्छिक योजना राबविली जात होती. उमेदवाराने कोठे शिक्षण घेतले, यापेक्षा त्याला प्रत्यक्ष काय येते, याची परीक्षा घेणे हा या योजनेचा गाभा होय. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक व अध्यापनकौशल्य यांचीही कसोटी लागते. अध्यापनाच्या क्षेत्रातील प्रमुख पातळ्या चार आहेत.

योग प्रोटोकॉल प्रशिक्षक ही पहिली पातळी २०० तासांच्या शिक्षणाची आहे. या प्रशिक्षकाने शासनाने ठरवून दिलेला सामान्य योग अभ्यासक्रम शिकवावा, अशी अपेक्षा असते. योग वेलनेस प्रशिक्षक ही दुसरी पातळी ४०० तासांची असून शाळा, संस्था, कार्यालये व योगकेंद्रे येथे निरोगी व्यक्तींना शिकविण्याची पात्रता तीत अभिप्रेत आहे. तिसरी, योगशिक्षक व मूल्यमापक, ८०० तासांची, तर चौथी, योग मास्टर, १६०० तासांची आहे. योगोपचाराच्या क्षेत्रासाठी याखेरीज स्वतंत्र पातळ्या ठरविलेल्या आहेत.

या तासांचा व्यवहारातील अर्थ समजून घेणे उपयुक्त ठरेल. आठवड्यातील सहा दिवस प्रत्येकी दोन तास अभ्यास केला, तर २०० तासांना सुमारे सतरा आठवडे, म्हणजे चार महिने लागतात. ४०० तासांना आठ महिने, ८०० तासांना सोळा महिने आणि १६०० तासांना अडीच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. एखादी संस्था दहा दिवसांत 'संपूर्ण योगशिक्षक' घडविण्याची हमी देत असेल, तर ती पारखून घेण्यास एवढे गणित पुरेसे आहे.

हे प्रमाणन ऐच्छिक आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. वैद्यकाप्रमाणे वा वकिलीप्रमाणे नोंदणी केल्यावाचून योग शिकविता येणार नाही, अशी अट नाही. परदेशांत प्रचलित असलेली 'योग अलायन्स' या अमेरिकी संस्थेची नोंदणीही खासगी व ऐच्छिक स्वरूपाचीच आहे. परिणामी उत्तम शिक्षक आणि अर्धशिक्षित मनुष्य हे एकाच गल्लीत एकसारखी पाटी लावू शकतात. विद्यार्थ्याला त्यांच्यातील भेद चटकन कळत नाही. म्हणूनच कायद्याने न घातलेले बंधन शिक्षकाने स्वतःहून पाळणे, हे या व्यवसायाच्या प्रतिष्ठेचे मूळ आहे.

कामाची क्षेत्रे

योगशिक्षकाला आज अनेक ठिकाणी काम मिळू शकते. शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाच्या तासिकांना जोडून योगाचे वर्ग घेतले जातात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार अध्यापक शिक्षणाच्या अभ्यासक्रमातही योगशिक्षणाचा समावेश झाला आहे. पूर्वी आरोग्यवर्धिनी केंद्रे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव धारण केलेल्या केंद्रांतून योगसत्रे घेण्यासाठी प्रशिक्षकांना काम दिले जाते. हे काम सामान्यतः अर्धवेळ असून त्याचा मोबदला मानधनाच्या स्वरूपात मिळतो. ते पूर्णवेळ नोकरी समजून स्वीकारल्यास निराशा पदरी येते. परंतु ग्रामीण भागातील नवख्या शिक्षकाला अनुभव व परिचय मिळवून देणारे साधन म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

रुग्णालये, कारखाने, बँका, माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या, गृहनिर्माण संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ व महिला मंडळे ही आणखी काही क्षेत्रे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने योगासनाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, त्यामुळे स्पर्धक घडविणारे प्रशिक्षक व पंच यांचीही गरज निर्माण झाली. परदेशांतील भारतीय सांस्कृतिक केंद्रांतून योगशिक्षकांच्या नेमणुका होतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर दूरदृश्य पद्धतीने शिकविण्याची सवय सर्वत्र लागली. पुण्यात किंवा साताऱ्यात बसून आखातातील अथवा अमेरिकेतील मराठी कुटुंबांना शिकविणे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र पडद्यावर विद्यार्थ्याचा श्वास व स्नायूंचा ताण पुरेसा दिसत नाही. त्यामुळे अवघड आसने, शुद्धिक्रिया आणि कुंभकयुक्त प्राणायाम या मार्गाने शिकविणे टाळावे.

मिळकतीचा हिशेब

योगवर्गाला लोक पहाटे साडेपाच ते आठ आणि सायंकाळी सहा ते आठ या वेळांतच मोठ्या संख्येने येतात. दुपारच्या वेळी गृहिणी व ज्येष्ठ नागरिक यांचा एखादा वर्ग भरतो. म्हणजे दिवसाचे चोवीस तास असले तरी शिक्षकाच्या कमाईचे तास चार-पाचच. त्यातही वर्षभर संख्या सारखी राहत नाही. जानेवारीत नव्या वर्षाच्या संकल्पामुळे आणि जूनमध्ये योग दिनामुळे गर्दी होते, तर मुसळधार पावसात, परीक्षांच्या दिवसांत, लग्नसराईत व दिवाळीत वर्ग ओस पडतात.

केवळ उदाहरणादाखल एका तालुक्याच्या गावातील शिक्षकाचा हिशेब मांडून पाहू. त्याचे दररोज तीन वर्ग आहेत, प्रत्येक वर्गात पंधरा नावे आहेत आणि मासिक शुल्क ५०० रुपये आहे, असे समजू. कागदावर ही रक्कम २२,५०० रुपये होते. परंतु पंधरांपैकी सरासरी बाराजणच नियमित शुल्क देतात असे धरले, तर प्रत्यक्ष जमा १८,००० रुपये. सभागृहाचे भाडे, वीज, स्वच्छता व सतरंज्या यांवर ६,००० रुपये खर्च झाल्यास हाती १२,००० रुपये उरतात. शिक्षक आजारी पडला, तर तेवढ्या दिवसांचे उत्पन्न बुडते. भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही. कुटुंबाचा सर्व भार यावर टाकावयाचा असेल, तर शाळेतील तासिका, कंपनीतील सत्रे, घरी जाऊन दिलेले वैयक्तिक मार्गदर्शन व शिबिरे यांची जोड द्यावी लागते. पहिली दोन-तीन वर्षे अन्य उत्पन्नाचा आधार ठेवून या क्षेत्रात पडणे शहाणपणाचे ठरते.

येथेच सेवेच्या परंपरेचा प्रश्न उभा राहतो. योग ही पवित्र विद्या आहे, तिचे पैसे कसे घ्यावयाचे, असा संकोच शिक्षकाच्या मनात असतो. आणि मंडळात हे फुकट मिळते, येथे शुल्क कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थीही विचारतात. वास्तविक या दोहोंत विरोध नाही. संगीताचा शिक्षक बिदागी घेतो म्हणून संगीत अपवित्र होत नाही. आपला पूर्ण वेळ देणाऱ्या, सतत अभ्यास करणाऱ्या आणि विद्यार्थ्याच्या प्रकृतीची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीला रास्त मोबदला मिळाला नाही, तर ती व्यक्ती कालांतराने हे काम सोडते आणि जागा अर्धशिक्षितांना मोकळी होते. शुल्क स्पष्ट सांगावे, पावती द्यावी आणि आठवड्यातून एखादा वर्ग ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी चालवावा. अनेक जाणत्या शिक्षकांनी हा मध्यममार्ग स्वीकारला आहे.

आरोग्य-मार्गदर्शकाचे काम

योगशिक्षकाच्या कामाचा विस्तार म्हणून आरोग्य-मार्गदर्शक ही भूमिका पुढे आली आहे. आसने व प्राणायाम हा तासाभराचा कार्यक्रम झाला. उरलेल्या तेवीस तासांत मनुष्य काय खातो, किती झोपतो, किती चालतो, कशाचे व्यसन करतो, यांवर त्याचे आरोग्य अवलंबून असते. रात्री उशिरापर्यंत भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहणारा तरुण, तंबाखू न सोडणारा कामगार, मिश्रीची सवय जडलेली गृहिणी, दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरलेला कारकून, या सर्वांना नव्या माहितीपेक्षा सवय बदलण्यासाठी सातत्याने मिळणाऱ्या सोबतीची अधिक गरज असते.

मार्गदर्शकाचे कौशल्य उपदेशापेक्षा ऐकून घेण्यात आहे. त्याने व्यक्तीची दिनचर्या नोंदवून घ्यावी, तिच्याच संमतीने एक लहानसे उद्दिष्ट ठरवावे, आठवड्याने त्याची विचारपूस करावी आणि ते साधल्यावर पुढचे हाती घ्यावे. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे किंवा रात्री ठराविक वेळी दिवा मालविणे, अशी साधी उद्दिष्टे दीर्घकाळ टिकतात. आहाराबाबत सर्वसाधारण मार्गदर्शन करण्यास हरकत नाही. परंतु मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा गरोदरपण असेल, तर आहाराची आखणी डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्याकडेच सोपवावी. मार्गदर्शकाला सांगितलेल्या घरगुती गोष्टी गुप्त ठेवणे, हे या कामातील पहिले पथ्य होय.

मर्यादेची रेषा

योग सर्वांसाठी आहे. मात्र प्रत्येक आसन प्रत्येकासाठी नाही. वर्गात नाव नोंदविताना शिक्षकाने वय, जुने आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे व गरोदरपण यांची लेखी माहिती घेतली पाहिजे. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना कपालभाती, भस्त्रिका, दीर्घ कुंभक व शरीर उलटे करणारी आसने देऊ नयेत. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासनासारखी आसने टाळावीत, कारण त्या स्थितीत डोळ्यांतील दाब वाढतो. हर्निया असताना किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लवकर उड्डियान, नौली व कपालभाती करणे धोक्याचे आहे. मणक्यांमधील चकती सरकली असेल, तर पुढे वाकण्याची जोरकस आसने त्रास वाढवितात. उतारवयात हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांनाही पाठ गोलाकार वाकविण्यापासून जपावे लागते. जलनेतीसाठी उकळून कोमट केलेलेच पाणी वापरावे, नळाचे वा विहिरीचे कच्चे पाणी नाकात घेऊ नये. गरोदर स्त्रीला वैद्यकीय सल्ल्याशिवाय वर्गात घेऊ नये आणि पोटावर दाब देणाऱ्या क्रिया सांगू नयेत.

याहूनही महत्त्वाची बाब औषधांची. काही महिन्यांच्या नियमित अभ्यासाने रक्तदाब वा रक्तातील साखर यांत सुधारणा दिसू लागली, की विद्यार्थी उत्साहाने विचारतो, 'सर, आता गोळी बंद करू का?' या एका प्रश्नाच्या उत्तरावर शिक्षकाची लायकी ठरते. गोळी सुरू करण्याचा, कमी करण्याचा किंवा थांबविण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. शिक्षकाच्या शब्दावर विद्यार्थ्याची श्रद्धा असते आणि त्याच श्रद्धेपोटी इन्सुलिन किंवा अपस्माराचे औषध अकस्मात थांबले, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. 'डॉक्टरांना दाखवा, तपासण्या करा आणि त्यांच्या सल्ल्याने ठरवा', हेच उत्तर योग्य. असे उत्तर दिल्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही, उलट वाढतो.

हेच तारतम्य जाहिरातीतही बाळगावयास हवे. 'मधुमेह मुळापासून बरा', 'वीस दिवसांत चष्मा घालवा' अशा पाट्या आढळतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, खोट्या आशेने रुग्णाचा अमूल्य वेळ वाया जातो, ही हानी भरून येणारी नाही. शिक्षकाने आपल्या वर्गाचे वर्णन करावे, शिकविण्याचा क्रम सांगावा आणि आपली शैक्षणिक पात्रता लिहावी. बरे करण्याचे वचन देऊ नये.

विद्यार्थ्याच्या शरीराला स्पर्श करून आसन दुरुस्त करताना त्याची वा तिची आधी संमती घेणे, बळाने न वाकविणे आणि शक्य तेथे शब्दांनी किंवा स्वतः करून दाखवून दुरुस्ती सुचविणे, हाही व्यवसायधर्माचा भाग आहे. गुरुशिष्य नात्यातील आदराचा गैरफायदा घेतला गेल्याची उदाहरणे देशात व परदेशांत उघडकीस आली आहेत. पालकांनी व विद्यार्थ्यांनी निःसंकोचपणे प्रश्न विचारावेत आणि शिक्षकाने त्यांचे स्वागत करावे, असे वातावरण वर्गात असले पाहिजे.

या वाटेने जाणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने प्रथम किमान एक वर्ष स्वतः नियमित अभ्यास करावा. आपल्या शरीरात जे अनुभवले नाही, ते दुसऱ्याला शिकविता येत नाही. त्यानंतर प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव करून घेणारा अभ्यासक्रम निवडावा आणि प्रवेश घेण्यापूर्वी तेथील चालू वर्ग पाहून यावा. प्रमाणपत्र मिळाल्यावर अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काही काळ काम करावे. चाळीस माणसांच्या वर्गात कोणाचा श्वास अडकला आहे, हे एका दृष्टिक्षेपात ओळखण्याची नजर पुस्तकाने येत नाही.

पंचेचाळीस मिनिटांचा सामान्य योग अभ्यासक्रम नवख्या शिक्षकाला उत्तम आधार देतो. प्रार्थना, शिथिलीकरणाच्या हालचाली, उभ्याने, बसून व झोपून करावयाची आसने, कपालभाती, प्राणायाम, ध्यान आणि संकल्प असा त्याचा क्रम आहे. तो मनापासून समजला, तर कोणत्याही गावात वर्ग सुरू करता येतो. शरीररचनेची प्राथमिक माहिती, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि पातंजल योगसूत्रे व हठप्रदीपिका यांसारख्या मूळ ग्रंथांचा अभ्यास यांची जोड त्यास द्यावी. शिक्षकाचे शरीर हे त्याचे उपकरण असल्यामुळे पुरेशी झोप व विश्रांती यांकडेही त्याने दुर्लक्ष करू नये. दिवसाला सहा-सात वर्ग घेऊन थकलेला शिक्षक दुसऱ्याला स्वास्थ्य देऊ शकत नाही.

तालुक्यातालुक्यांतून आज अशा शिक्षकांची गरज आहे. शेतीत राबून पाठ धरलेल्या स्त्रिया, अभ्यासाच्या ताणाने झोप उडालेली मुले, एकाकी ज्येष्ठ नागरिक यांच्यापर्यंत पोहोचण्यास भव्य सभागृह लागत नाही. ग्रामपंचायतीची ओसरी, शाळेचा वर्ग किंवा मंदिराचा सभामंडप पुरेसा असतो. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे प्रामाणिकपणे ओळखणारा आणि ठरलेल्या वेळी न चुकता हजर राहणारा एक शिक्षक गावाला लाभला, तर योग दिनाचा उत्सव वर्षभराच्या आरोग्यात रूपांतरित होऊ शकेल.